अडीच हजारांची समता

जानेवारी सरू लागला की आपल्याकडच्या नोकरदार घरांमध्ये एक ठरलेली चर्चा सुरू होते. अर्थमंत्री यंदा प्राप्तिकराची मर्यादा किती वाढवणार? वजावट किती मिळणार? अर्थसंकल्पाच्या दिवशी दूरदर्शनसमोर बसायचे, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला तक्ता कापून ठेवायचा आणि पुढचे चार दिवस कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत त्याचीच आकडेमोड करायची.

२०२५ सालचा अर्थसंकल्प या दृष्टीने फार गाजला. नव्या करपद्धतीत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याचा प्राप्तिकर शून्यावर आला. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याची मर्यादा पावणेतेरा लाखांवर गेली. म्हणजे महिन्याला एक लाख रुपये पगार असलेल्या माणसाकडून केंद्र सरकार प्राप्तिकराचा एक पैसाही घेत नाही. मध्यमवर्गाला याचा आनंद झाला आणि तो होण्यात गैर काहीच नव्हते.

आता हीच बातमी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीत बसून वाचू. वैनगंगेच्या काठचा हा तालुका. नागपूरहून गडचिरोलीला जाणारा रस्ता याच गावातून पुढे जातो. धानाची शेती, धानाच्या गिरण्या, कोशाचे कापड विणणारे हात, उन्हाळा लागला की मोहफूल आणि तेंदूपत्ता. बारा लाखांच्या मर्यादेने इथे कुणाचे भले झाले असेल? काही वरिष्ठ शिक्षक, बँकेतले अधिकारी, तहसील कचेरीतले मोजके लोक, डॉक्टर, थोडे व्यापारी. बाकीच्यांचा प्राप्तिकराशी कधी संबंधच आला नव्हता. मर्यादा पाच लाख असली काय आणि बारा लाख असली काय, एटीएमच्या दाराशी बसणारा पहारेकरी, विनाअनुदानित शाळेत शिकवणारा मास्तर, कंत्राटदारामार्फत सरकारी कचेरीत नेमलेला संगणकचालक किंवा गिरणीतला दिवाणजी यांना तो तक्ता वाचायचे कारणच नाही.

पण यांच्यापैकी ज्याच्या हाती महिन्याच्या महिन्याला पगाराचा कागद पडतो, त्याने तो कागद नीट पाहावा. भविष्य निर्वाह निधीच्या कपातीखाली त्याला आणखी एक ओळ दिसेल: व्यवसाय कर, रुपये २००. आजचा हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे.

दोनशे रुपयांची ओळ

प्राप्तिकर केंद्र सरकारचा. पण माणसाच्या कमाईवर राज्य सरकारही एक कर बसवते, हे पगारदारांच्याही फारसे ध्यानात नसते. कायद्याचे नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५. लोक त्याला 'प्रोफेशनल टॅक्स' किंवा नुसते 'पीटी' म्हणतात.

त्याचा तक्ता इतका छोटा आहे की कापून ठेवायचीही गरज नाही. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर नाही. ७,५०१ ते १०,००० असेल तर महिना १७५ रुपये. त्याच्या वर कितीही असला तरी महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. तक्ता इथेच संपतो. पुढची पायरीच नाही.

याचा अर्थ काय होतो ते पाहू. एका माणसाला महिन्याला दहा हजार एक रुपये मिळतात, वर्षाला साधारण एक लाख वीस हजार. तो २,५०० रुपये भरतो. मुंबईतल्या एखाद्या कंपनीचा बडा अधिकारी महिन्याला दहा लाख मिळवतो, वर्षाला एक कोटी वीस लाख. तोही २,५०० रुपयेच भरतो. पहिल्याच्या कमाईतले शंभर रुपयांमागे दोन रुपये गेले. दुसऱ्याच्या कमाईतले शंभर रुपयांमागे दोन पैसे. कमाई शंभरपट आणि भाराचे प्रमाण शंभरावा हिस्सा. प्रगत देशांत श्रीमंतांवर कराचे प्रमाण चढते असावे म्हणतात. इथे ते उतरते आहे.

हेच वेळेच्या मापाने मोजले तर जास्त नीट समजते. महिन्याचे कामाचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरू. दहा हजारवाल्याला २०० रुपये कमवायला चार तास दहा मिनिटे राबावे लागते. दहा लाखवाल्याला अडीच मिनिटे पुरतात. त्याचा चहा येईपर्यंत त्याचा महिन्याचा व्यवसाय कर फिटलेला असतो.

बरे, हे झाले दोन टोकांचे. मधल्या माणसाचे काय? महिना एक लाख मिळवणाऱ्याला २०२५ पासून नव्या पद्धतीत प्राप्तिकर शून्य आणि व्यवसाय कर अडीच हजार. महिना दहा हजार एक मिळवणाऱ्याला प्राप्तिकर शून्य आणि व्यवसाय कर अडीच हजार. कमाईवरच्या दोन्ही करांच्या हिशेबात हे दोघे अगदी सारखे ठरले! समता म्हणतात ती हीच असेल, तर ती आपण फारच विचित्र ठिकाणी आणली आहे.

मजुरासाठी जन्मलेला कर

या कराचा जन्म मात्र वाईट हेतूने झालेला नाही. उलट महाराष्ट्राच्या इतिहासातल्या एका अभिमानास्पद पानावर त्याची नोंद आहे.

'मागेल त्याला काम' ही कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडण्याच्या कामांवर लाखो हात लागले आणि ही कल्पना राज्याची रोजगार हमी योजना झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य.

पण हमी द्यायची तर पैसा लागतो. तो कुठून आणायचा? तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी दिलेले उत्तर आजही वाखाणण्याजोगे आहे. ज्यांना बाराही महिने काम आहे त्यांनी, ज्यांना उन्हाळ्यात काम नाही त्यांच्यासाठी थोडे द्यायचे. त्यासाठी व्यवसाय कर आला. जोडीला मोटार वाहनांवर, विक्रीकरावर, ओलिताच्या जमिनीवर जादा आकार आला. या करांतून जितकी रक्कम येईल तितकीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी तजवीज झाली. शहरातल्या पगारदाराने कुरकुर केली असेल, पण कर भरला. त्या पैशातून गावोगाव बंधारे, पाझर तलाव, रस्ते झाले.

२००५ मध्ये केंद्राने याच धर्तीवर देशभराचा कायदा केला. २००६ साली पहिल्या टप्प्यात जे २०० जिल्हे निवडले, त्यांत गडचिरोली आणि चंद्रपूर हे दोन्ही होते. अकुशल मजुरीचा खर्च दिल्लीने उचलला. म्हणजे ज्या ओझ्यासाठी व्यवसाय कर लावला होता, त्यातले मोठे ओझे केंद्राकडे गेले. कर मात्र राहिला. एकदा बसलेला कर आपणहून उठत नाही.

आता या कहाणीतला सर्वांत बोचरा भाग. २०२५-२६ या वर्षासाठी या केंद्रीय योजनेतली महाराष्ट्राची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. एखाद्याने महिन्याचे २६ दिवस त्या दराने काम केले तर त्याचे ८,११२ रुपये होतात. व्यवसाय कर ७,५०१ रुपयांपासून सुरू होतो. रोजगार हमीच्या मजुराकडून हा कर कुणी कापत नाही, हे खरे. पण तितकेच पैसे पहारा करून किंवा झाडू मारून मिळवणाऱ्याकडून कापायचा असा कायदा आहे. मजुराला मजुरी मिळावी म्हणून जन्मलेला कर आज मजुरीच्याही खाली येऊन बसला आहे.

छत इतके खाली कसे आले?

याला कोण्या एका सरकारचे क्रौर्य जबाबदार नाही. जबाबदार आहे ती न हललेली दोन आकड्यांची जोडी. एक वरचा आकडा, एक खालचा.

वरचा आकडा राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २७६ सांगतो की राज्याने किंवा स्थानिक संस्थेने एका व्यक्तीवर बसवलेला व्यवसाय कर वर्षाला एका ठराविक रकमेपेक्षा जास्त असता कामा नये. घटना आली तेव्हा ही रक्कम २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठावी घटनादुरुस्ती झाली आणि ती २,५०० झाली. त्या काळी अडीच हजार ही काय चीज होती, हे ज्यांनी तेव्हा संसार केला त्यांना सांगायला नको. कित्येक कर्मचाऱ्यांच्या महिन्याच्या पगाराइतकी किंवा त्याहून जास्त ती रक्कम होती. तेव्हा ते खरोखर छत होते. पगाराच्या पायऱ्या करून, लहानाकडून थोडे आणि मोठ्याकडून जास्त घेण्याला त्याखाली जागा होती.

त्यानंतर तीन वेतन आयोग लागू झाले. धानाचा हमीभाव, एस.टी.चे तिकीट, शाळेची फी, सगळे बदलले. अडीच हजार तसेच राहिले. पगार वाढत वाढत छताला टेकले आणि छताखाली पायऱ्यांना जागाच उरली नाही. दहा हजारांची पायरी चढताच माणसाचे डोके छताला लागते आणि दहा लाखवाल्याचेही तिथेच लागते.

चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा वर्षाला १२,००० रुपये करावी अशी शिफारस केली होती. घटना काही बदलली नाही.

खालचा आकडा मात्र राज्याच्या हातातला आहे. तो दहा वर्षांहून अधिक काळ ७,५०० वर थांबला आहे. पण तो हलवता येतो, हे राज्यानेच सिद्ध केले आहे. मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात महिला कर्मचाऱ्यांसाठीची सूट महिना १०,००० वरून २५,००० रुपयांवर नेली गेली. निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे एक अजब चित्र तयार झाले. एकाच शाळेत, एकाच वर्गावर, एकाच मानधनावर शिकवणाऱ्या बाईंना कर नाही आणि गुरुजींना आहे. ज्या घरात बाई एकटी कमावती आहे तिला सवलत हवीच. पण ज्या घरात नवऱ्याच्या बारा हजारांवर पाच तोंडे अवलंबून आहेत, त्या घरातल्या बाईला त्या कपातीची झळ लागत नाही काय?

शेजारी पाहिले तर आणखी नवल वाटते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा. तिथून गोदावरीचा पूल ओलांडला की तेलंगण. तिथे महिना १५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. कर्नाटकाने २०२३ मध्ये सूट २५,००० वर नेली, स्त्री-पुरुष सर्वांनाच. उत्तर प्रदेश, राजस्थान, हरियाणा, दिल्ली या राज्यांत हा करच नाही. देशातले श्रीमंत म्हणवणारे आपले राज्य मात्र साडेसात हजारांच्या माणसाचा खिसा चाचपते आहे.

जुना वाद, जुने शहाणपण

कुणावर किती भार टाकावा, हा वाद आपल्याकडे आजचा नाही. १८६० साली जेम्स विल्सनने हिंदुस्थानात पहिला प्राप्तिकर बसवला. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरायची होती. तरीही त्याने वर्षाला २०० रुपयांखालच्या उत्पन्नाला हात लावला नाही. परक्या सरकारलाही इतके कळत होते की ज्याच्या हातात पोटापुरतेच आहे त्याच्या कमाईवर कर बसवायचा नसतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले, ते अजून अभ्यासले जाते. सरकारकडे शिल्लक पडते आहे, याचा अर्थ देश सुखी आहे असा नसून लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जाते आहे, असे त्यांनी दाखवले. मिठावरचा कर कमी करा आणि प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा वाढवा, या दोन मागण्या त्यांनी धरून ठेवल्या. १९०३ मध्ये सरकारने मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये केला आणि प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला ५०० वरून १,००० रुपये. मीठ खाणारा मजूर आणि पन्नास रुपये पगाराचा कारकून या दोघांची बाजू त्यांनी एकाच भाषणात मांडली होती, ही त्यातली मोलाची गोष्ट.

पुढे १९२७ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. प्राप्तिकर कमाई नसेल तर द्यावा लागत नाही. शेतसारा मात्र शेतकरी कितीही गरीब असो, त्याच्याकडून घेतलाच जातो. दोन-चार बिघ्यांच्या कुणब्याला आणि मोठ्या जहागीरदाराला एकच दर लावणे हा न्याय कसला, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. शेतसाऱ्याच्या जागी व्यवसाय कर हा शब्द घालून ते भाषण आज वाचले तरी चालेल.

'आम्हीच का भरायचा?'

इथे आपल्या मध्यमवर्गीय वाचकाच्या मनात एक प्रश्न येणार. 'आधीच कर भरणारे मूठभर. ३१ जुलै २०२४ पर्यंत सव्वासात कोटींच्या आसपास विवरणपत्रे भरली गेली आणि देशाची लोकसंख्या एकशे चाळीस कोटींच्या घरात. त्यात आणखी खालच्यांना सोडून द्या म्हणता, मग भार कुणी उचलायचा? आम्हीच?'

प्रश्न भाबडा नाही. नोकरदाराचा पगार लपत नाही, त्याचा कर हातात पैसा पडण्याआधीच कापला जातो. शेजारच्या दुकानाची खरी उलाढाल दुकानदार जाणे आणि त्याची वही जाणे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. आरमोरीच्या दोन-तीन एकर धान पिकवणाऱ्याला ती सूट असणे रास्तच, पण त्याच सुटीच्या आडोशाला शेकडो एकरांचे मळेही उभे असतात. नोकरदाराच्या मनातला सल खरा आहे.

पण 'बाकीचे कर भरत नाहीत' हे वाक्य खरे नाही. तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणारी बाई प्राप्तिकर भरत नाही. पण तिने आठवडी बाजारात घेतलेल्या साबणाच्या वडीवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता. तो त्या दिवसापासून ५ टक्क्यांवर आला, याचे स्वागत आहे. डोक्याच्या तेलाचेही तेच. तिने तोडलेल्या तेंदूपत्त्यावरही तोवर १८ टक्केच वस्तू व सेवा कर होता. तो भरतो व्यापारी, हे खरे. पण लिलावात बोली लावताना तो हा कर हिशेबात धरूनच भाव बोलतो. गडचिरोलीत पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे अनेक ग्रामसभा आपला तेंदू स्वतः विकतात. कमी झालेला भाव शेवटी कुणाच्या वाट्याला जातो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. साबणावर कोट्यधीश आणि मजूर सारखाच कर देतात. फरक इतकाच की एकाच्या कमाईत तो शोधूनही सापडत नाही आणि दुसऱ्याला दर आठवड्याला सापडतो.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की श्रीमंतांवर भार वाढवला की ते उत्पन्न लपवतात. याला आधार आहे. १९७३-७४ साली आपल्याकडे अधिभार धरून प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्के होता. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याला! त्यातून समता आली नाही, काळा पैसा आला. नंतर दर उतरत गेले, १९९७ मध्ये वरचा दर ३० टक्क्यांवर आला, ते बरेच झाले. न्याय म्हणजे ओरबाडणे नव्हे.

पण लंबक दुसऱ्या बाजूला किती जातो आहे, तेही पाहावे. वर्षाला पाच कोटींवर उत्पन्न असणाऱ्यांचा अधिभार २०२३ मध्ये नव्या पद्धतीत ३७ वरून २५ टक्क्यांवर आला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला, त्याआधी १९८५ मध्ये वारसा मिळकतीवरचा कर गेला होता. शेअर वर्षभर सांभाळून विकले की सव्वा लाखावरच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर. डोके आणि हात झिजवून मिळवलेल्या पगारावर, चोवीस लाखांच्या पुढे, तीस टक्के. तेव्हा नोकरदाराची तक्रार योग्यच आहे. फक्त तक्रार करताना त्याने खाली न पाहता वर पाहावे. त्याच्या खिशातला पैसा आरमोरीच्या पहारेकऱ्याने नेलेला नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत सोपा: 'दोनशे रुपये म्हणजे काय? एका वेळच्या हॉटेलच्या बिलातही येत नाहीत.' ज्याच्या घरी हॉटेलचे बिल होते, त्याला हे म्हणता येते. दहा हजारांच्या संसारात दोनशे रुपये म्हणजे मुलाच्या वह्या, किंवा दवाखान्याला जाण्यायेण्याचे भाडे. आणि दोनशे रुपये इतके क्षुल्लक असतील, तर सरकारने ते सोडून द्यायला हरकत काय असावी?

राहतो तो 'प्रत्येक नागरिकाने थोडा तरी कर द्यावा, त्याने जबाबदारीची जाणीव होते' हा विचार. ऐकायला छान आहे. पण आपण कर देतो आहोत हे त्या पहारेकऱ्याला सांगितले तरी कुणी? पगारपत्रकावरच्या ओळीचा अर्थही त्याला कुणी समजावलेला नसतो. जाणीव व्हायची तर आधी माहिती हवी.

काय करता येईल?

करता येण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. पहिली राज्याच्या एकट्याच्या हातात आहे. महिलांना दिलेली २५,००० ची सूट सर्व कर्मचाऱ्यांना द्यावी. यासाठी घटना बदलायला नको, दिल्लीला जायला नको, विधिमंडळाने कायद्याच्या अनुसूचीतला एक आकडा बदलला की झाले. तिजोरीत किती तूट येईल ते वित्त विभागाने उघड सांगावे, म्हणजे चर्चा अंदाजावर न होता हिशेबावर होईल.

दुसरी गोष्ट संसदेच्या हातात आहे. अनुच्छेद २७६ मधली अडीच हजारांची मर्यादा वाढवावी. आयोगाने सुचवलेले बारा हजार ही काही भयंकर रक्कम नाही. महिना दहा लाख मिळवणाऱ्याच्या कमाईत ती शंभर रुपयांमागे दहा पैसे होते. पण ती मर्यादा वाढली की पायऱ्यांना जागा होते. पन्नास हजारवाल्याला आहे तितकाच भार ठेवून वरच्या पगारांवर थोडे थोडे वाढवता येईल आणि खालून सोडलेले वरून भरून काढता येईल. कंपन्यांचेही तसेच. आज तालुक्याच्या गावातला दुकानदार नोंदणी करून वर्षाला अडीच हजार भरतो आणि देशभर पसारा असलेली कंपनीही, कंपनी म्हणून, अडीच हजारच भरते. तिथे पायऱ्या का नसाव्यात?

महाराष्ट्राने ही मागणी पुढे होऊन करायला हवी. या कराला रोजगाराच्या हक्काशी जोडणारे राज्य हेच होते आणि त्याचा सर्वांत मोठा पसाराही इथेच आहे. आपले खासदार रस्त्यांसाठी, रेल्वेसाठी भांडतात. वडसा-गडचिरोली रेल्वेसाठी किती वर्षे भांडावे लागले, हे इथला प्रत्येक माणूस जाणतो. एका आकड्यासाठीही भांडायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चातला ४० टक्के वाटा उचलावा लागणार आहे. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी पागे यांच्यासमोर उभा राहिलेला प्रश्न महाराष्ट्रासमोर नव्याने आला आहे: मजुराच्या कामासाठी पैसा कुणाकडून घ्यायचा?

तेव्हाचे उत्तर होते, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून. ते उत्तर आजही तितकेच बरोबर आहे. फक्त आपला तक्ता ते उत्तर विसरला आहे. ज्याच्याकडे आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्या दोघांना तो एकाच ओळीत उभे करतो आणि दोघांकडून सारखीच रक्कम मागतो. नव्या योजनेसाठी राज्याला पैसा उभा करायचाच आहे, तर तो उभा करताना हा तक्ता आधी दुरुस्त करावा. आरमोरीच्या पहारेकऱ्याचे महिन्याचे चार तास त्याला परत द्यावेत आणि मुंबईच्या साहेबांकडून अडीच मिनिटांऐवजी निदान पंधरा-वीस मिनिटे मागून घ्यावीत. साहेबांचे काही अडणार नाही.